आधी वायर, मग बटण

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनमध्ये नोव्हेंबर लागला की गाड्यांच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबकळताना दिसू लागतो. पुण्या-नागपूरहून नुकतीच आलेली मुलं विचारतात, इथे सगळ्यांच्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत का? नाहीत, पेट्रोलच्याच आहेत. तो प्लग ब्लॉक हीटरचा. हल्ली त्याच्याकडे फार दुर्लक्ष होतं आणि ते मला खटकतं, म्हणून आजचा लेख.

या दुर्लक्षाचं कारण रिमोट स्टार्ट. चहा उकळत असताना किल्लीवरचं बटण दाबायचं, खाली गाडी सुरू होते, दहा मिनिटांनी ऊबदार गाडीत जाऊन बसायचं. एकदा ही सोय अंगवळणी पडली की रात्री बूट-जॅकेट चढवून वायर जोडायला जाणं जिवावर येतं. बटण आहे ना, मग वायर कशाला, असं मी कितीतरी जणांकडून ऐकते. पण या दोन वस्तूंची कामं वेगळी आहेत. रिमोट स्टार्ट गाडी सुरू करतो. इंजिन सुरू होण्याच्या अवस्थेत आहे की नाही, याची काळजी तो घेत नाही.

उणे तीस अंशांत इंजिनाचं काय होतं? आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली कितीही उपडी धरली तरी थेंब पडत नाही. इंजिन ऑइल तसं थिजत नाही, पण दाट आणि जड होतं. पंपाला ते वरच्या भागांपर्यंत चढवायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आतले भाग पुरेशा वंगणाविना एकमेकांवर घासतात. बॅटरीची ताकद तर उणे अठराच्या आसपासच जवळजवळ निम्म्यावर येते. स्टार्टरला सगळ्यात जास्त जोर हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी पडतो. किल्ली फिरवणाऱ्याला निदान इंजिनाचं कण्हणं ऐकू तरी यायचं. तिसऱ्या मजल्यावरून बटण दाबणाऱ्याला तेही कळत नाही. गाडी रोज सुरू होते म्हणजे सगळं ठीक आहे असं तो धरून चालतो, आणि मग एका सकाळी ती सुरूच होत नाही.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनात कूलंट फिरतं त्या पोकळीत बसवलेली विजेची कॉइल. साधारण 400 ते 1000 वॅटची. तापलेलं कूलंट वर चढतं, थंड खाली येतं आणि लोखंड किंवा अॅल्युमिनियमचा तो गोळा हळूहळू ऊब धरतो. ब्लॉकबरोबर तेलही थोडं सैल होतं. ही युक्ती रुळवली ती नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी. ग्रामीण वीज सहकारी संस्थेचा कारभार पाहणारा हा माणूस. इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसणारा हीटर त्यांनी बनवला आणि 1949 साली त्याचं पेटंट मिळवलं. विजेच्या तारा शेतावर पोचवायच्या आणि त्याच विजेवर शेतकऱ्याची गाडी सुरू होईल हेही पाहायचं, हे मला फार मोलाचं वाटतं.

वायर मात्र रात्रभर जोडून ठेवू नये. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात. त्यानंतर इंजिन आणखी तापत नाही, फक्त मीटर फिरतो. 400 वॅटचा हीटर तीन तासांत सव्वा युनिटही खात नाही, दहा तासांत चार युनिटं खातो. त्यासाठी बाहेर वापरायचा टायमर घ्यावा. 13 जानेवारी 2024 च्या संध्याकाळी, कडाक्याच्या थंडीत, अल्बर्टातल्या सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते. वीज अपुरी पडते आहे, दिवे कमी करा, इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग आणि ब्लॉक हीटर लावणं पुढे ढकला, असा सरकारी संदेश होता. काही मिनिटांतच मागणी 150 मेगावॅटने उतरली आणि वीजकपात टळली. ज्यांच्याकडे टायमर होते, त्यांना ती वायर पहाटेवर ढकलणं सोपं गेलं.

हीटर चालतो आहे की नाही हे समजायला उपकरण लागत नाही. आजूबाजूला शांतता असताना प्लग लावा आणि बॉनेटजवळ कान न्या. आतून बारीक सूं-सूं ऐकू येते. काहीच ऐकू आलं नाही तर वायर तपासून घ्या. थंडीत ताठरलेली वायर वाकवून वाकवून आतून तुटते. एक्स्टेन्शन घ्यायची ती बाहेरच्या वापराची, जाड तारेची. घरातली बारीक वायर जोडाशी तापते आणि वितळते.

रिमोट स्टार्टला माझा विरोध नाही. काचेवरचा बर्फ सुटल्याशिवाय गाडी हलवणं धोक्याचंच आहे, आणि भारतातून आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना गोठलेल्या सीटवर बसवायचं म्हणजे जिवावर येतं. शिवाय गाडी कुलूपबंद राहून चालते. किल्ली आत ठेवून गाडी तापवत सोडणाऱ्यांच्या गाड्या दर हिवाळ्यात चोरीला जातात. पण काच साफ झाली की निघावं. उभ्या गाडीचं इंजिन सावकाश तापतं, हळू चालवलेल्या गाडीचं लवकर. आणि घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये हे बटण कधीही दाबू नये, शटर उघडं असलं तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो दाराच्या फटीतून घरात शिरतो.

नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. व्हँकूवरकडची जुनी गाडी घेत असाल तर तिला ब्लॉक हीटर आहे का ते आधी विचारा. तिकडच्या सौम्य हिवाळ्यात तो फारसा कोणी बसवत नाही. भाड्याचं घर ठरवताना पार्किंगचा स्टॉल एनर्जाइज्ड आहे का, म्हणजे तिथल्या खांबाला वीज येते का, आणि कोणत्या वेळात येते, हे करारावर सही करण्याआधी विचारून घ्या, आणि ते करारात लिहूनही घ्या.