रीतिभूताची हकालपट्टी

फ्रेंच 'अँपार्फे'चे सरसकट 'करत होता' करणारा अनुवाद व्याकरणापुरता चुकत नाही. तो कथनच बिघडवतो. वर्तमानकाळातील 'नू'च्या रूपातून '-ओं' गाळून प्रत्यय लावले की हा काळ सिद्ध होतो. ठळक अपवाद 'एत्र'चा. हे एकच रूप चालू क्रियाही सांगते आणि परिपाठही. मराठीत मात्र अपूर्णभूत आणि रीतिभूत वेगळे आहेत. फ्लोबेरच्या शैलीची मीमांसा करताना प्रूस्तने १९२० साली याच काळाकडे बोट दाखवले होते. 'एमा वाट पाहत होती' म्हणताच एक दुपार दिसते; 'वाट पाही' म्हणताच वर्षांचा कंटाळा साकारतो. 'पाही' जुनाट वाटत असेल, तर 'पाहत असे' आहेच. मूळ फ्रेंचने वाचकावर सोपविलेला निर्णय मराठी अनुवादकाला स्वतः घ्यावा लागतो. तो टाळणे म्हणजे मूलनिष्ठा नव्हे. तो निव्वळ आळस होय.