पदवीचा तोहफा : चाकू द्या, पण पारखून

मुलगा पदवीधर झाला की घड्याळ किंवा सूटपीस देण्याचा रिवाज आहे. आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. तरीही आमचे मत असे की, आपटा परिसरातील जो मुलगा वाडी-बागायत सांभाळणार आहे, त्याला चांगला चाकू द्यावा. तो वर्षानुवर्षे कामी येतो आणि कारागिराच्या हुनरचीही कदर होते.

मात्र माल पारखून घ्यावा. पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे. अर्ध्यावर संपलेले पाते जोर लावताच हलू लागते. चार इंचांचे पाते पुरे. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद उत्तम धार धरते, पण कोकणच्या दमट हवेत गंजते. वापरानंतर पुसून तेलाचा हात फिरवावा. स्टेनलेस गंजाला दाद देत नाही, पण हलक्या मालाची धार लवकर जाते. बटणाचा रामपुरी मुळीच नको.

कायदाही मुलाला समजावून सांगा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रात मोडतो. घरगुती व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. पण पोलिसांचा मनाई हुकूम असताना छोटा चाकूही खिशात नको. जवळच्या कर्नाळा अभयारण्यात तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने लेखी परवानगीशिवाय चाकू नेता येत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत एवढीशी गफलतही महागात पडते.

म्हणून चाकूबरोबर म्यान द्या, दुकानाची पावती द्या आणि चाकू कामाच्या जागीच ठेवण्याची ताकीद द्या. भाव करताना लोहाराची मजुरी मात्र कापू नका.