रात्रपाळीची आग

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री नवजात अतिदक्षता कक्ष पेटला. आत धूर कोंडला, तेव्हा खिडक्यांच्या काचा फोडून, हाताला लागेल ते बाळ बाहेर काढलं गेलं. त्या रात्री १० बाळं गेली. पुढे आकडा वाढतच राहिला.

मराठी वाचकाला हे नवं नाही. भंडारा जिल्हा रुग्णालय, ९ जानेवारी २०२१: तिथंही १० अर्भकं.

असा कक्ष बंदिस्त असतो. प्राणवायू साठला की ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. बंब पोचेपर्यंत सगळा भार रात्रपाळीच्या परिचारिकांवर. त्यांनी बाळ उचलायचं की अग्निशामक सिलिंडर? चौकशीत वायरिंगइतकीच ही माणसंही मोजायला हवीत. या अंकातला मुख्य लेख त्यांच्याविषयीच आहे.