सहलीचा आराखडा मुलांनाच करू द्या

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली काश्मीरच्या उंचावरच्या तलावांच्या ट्रेकच्या जाहिराती फिरतात. 'तलावाकाठी तंबू, ट्राउट मासेमारी, सगळं आमच्याकडे.' माझा आक्षेप या 'सगळं आमच्याकडे'ला आहे. आठवी-नववीच्या मुलांना न्यायचंच असेल तर निम्मं शिक्षण आराखड्यात आहे, आणि नेमकं तेच आपण पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेतो.

सोनमर्गहून निघून नारानागला उतरणारी ही वाट साधारण 70 किलोमीटरची. निचनाई खिंड ओलांडली की विशनसर, मग कृष्णसर, गाडसर आणि शेवटी हरमुखच्या पायथ्याशी गंगाबल. (काश्मिरीत गाड म्हणजे मासा आणि सर म्हणजे तलाव. भाषेचा तास इथूनच सुरू करता येतो.)

पहिला प्रश्न तारखांचा. या खिंडी जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नीट चालण्याजोग्या असतात. आपली मे महिन्याची सुट्टी बर्फात जाते, दिवाळीची सुट्टी उशिराची. राहता राहिले गणपतीचे दिवस! चालायलाच सहा-सात दिवस लागतात, शिवाय प्रवास. म्हणजे शाळा बुडणार. किती दिवस बुडवायची, बुडलेला अभ्यास कधी करायचा, हे मुलांनी मांडून मुख्याध्यापकांपुढे ठेवावं. परवानगी मिळाली नाही तर तोही धडाच.

मग उंची. सोनमर्ग सुमारे 2,700 मीटरवर, विशनसर सुमारे 3,700 वर. डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला असा की 3,000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. बहुतेक जाहिरातींत सोनमर्गनंतरची दुसरीच रात्र विशनसरला असते. मुलांना आलेख काढू द्या, खाली एक जादा मुक्काम हवा हे तीच सांगतील. विशनसरला पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं. मग डाळ शिजायला किती वेळ लागेल, कुकर न्यायचा का, त्याचं वजन कुणी उचलायचं? पुस्तकातला हवेच्या दाबाचा धडा असा पाठीवर घेतला की विसरत नाही.

मासेमारीवर मात्र पालक अडतात. 'आमच्याकडे चालत नाही,' असं सांगणाऱ्यांचं म्हणणं मी मान्य करतो. ज्याला नको त्याने गळ धरू नये. पण हा विषयच वगळावा, हे मला पटत नाही, कारण सगळ्यात चांगला प्रश्न इथेच आहे: हा मासा तिथे आला कुठून? ब्राउन ट्राउट मूळची युरोपातली. इंग्रजांनी गळ टाकण्याच्या हौसेपायी 1900 च्या सुमारास तिची अंडी बोटीने मागवून काश्मीरमध्ये वाढवली. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या तलावांत असेच ट्राउट सोडले गेले, तर तिथले बेडूक घटले. काही तलावांतून मासे काढले, तेव्हा बेडूक परतले. मग मासा पकडून खाणं वाईट की पकडून सोडणं चांगलं? मुलांना यावर भांडू द्या. 'सोडला' म्हणजे तो जगलाच असं नसतं. काट्याला उलटं टोक नको, हात ओले हवेत, मासा पाण्याबाहेर फार वेळ ठेवायचा नाही. खायचाच असेल तर मत्स्य विभागाचा परवाना, त्यावरची माशांची मर्यादा, आणि आतडी तंबूजवळ न टाकणं, कारण त्या डोंगरांत अस्वलं आहेत. परवान्याचा अर्ज मुलांनीच भरावा. आपल्याकडे दहावी झालेल्या मुलाला साधा अर्ज भरता येत नाही, हे आपण सगळे जाणतो.

हे सगळं केल्यावर जाणं झालं नाही तरी माझी तक्रार नाही. वर्गात नकाशा आणि आलेख राहतीलच. पण जाणं झालं, तर आराखड्यात एक पान असं हवं की जे मोठ्यांनी परस्पर बदलायचं नाही: परत कधी फिरायचं. डोकं दुखतंय हे मुलं लपवतात. बाबांनी पैसे भरलेले असतात, मित्र हसतील अशी भीती असते. विरळ हवेत डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर वर चढायचं नाही, त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. म्हणून निघण्याआधीच लिहून ठेवा: कोणत्या त्रासाला वर जाणं थांबेल, त्या मुलाबरोबर कोणते शिक्षक खाली उतरतील, उरलेल्यांसोबत कोण राहील, आणि मूल खोटं बोलतंय का याची चौकशी कुणीही करणार नाही. त्या पानावर मुलांच्या सह्या घ्या, पालकांच्याही घ्या. आणि पालकांनो, भरलेल्या पैशांचा विषय मुलांसमोर काढू नका, निघतानाही नाही आणि परतल्यावरही नाही.