आहारविवेक : सेंद्रिय म्हणजे अहिंसक का?

'सेंद्रिय' अशी पाटी लावलेला तांदूळ, डाळ आणि गूळ आता श्रावकांच्या घरांतही येऊ लागला आहे. त्याचा भाव साध्या मालाहून बराच अधिक असतो. त्यामुळे मोजक्या मिळकतीत घर चालविणाऱ्या गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो, की हा जादा खर्च सार्थकी लागतो का?

प्रथम आरोग्याचा विचार. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र त्यात कमी वेळा सापडले. २०१४ साली ब्रिटनमधील पोषणविषयक नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक आणि कॅडमियम कमी असल्याचे दिसले. एकंदरीत खाणाऱ्याच्या शरीराला होणारा लाभ असलाच तर मर्यादित आहे. साधी डाळ स्वच्छ निवडून, धुऊन रांधणाऱ्या मातेने आपण मुलांना काही उणे देत आहोत, असे मानण्याचे कारण नाही.

परंतु जैन आहारविचार खाणाऱ्याच्या पोटापाशी थांबत नाही. श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, स्पष्टपणे सांगितला आहे. शेतावर फवारलेले विष ताटात पोचण्याच्या कितीतरी आधी फवारणाऱ्याच्या श्वासात जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मधमाशी, गांडूळ, बेडूक यांची तर गणतीही होत नाही. सेंद्रिय अन्नाचे खरे मोल शोधायचे, तर ते येथे आहे.

मग सेंद्रिय म्हणजे अहिंसक, असे समजावे काय? तसेही नाही. सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय मानकांत हाडांचा चुरा, रक्ताची भुकटी यांसारखी खते सर्वस्वी वर्ज्य नाहीत. काही अटींवर ती चालतात. निंबोळी अर्क वनस्पतिजन्य असला तरी किडीला रोखण्यासाठी आणि मारण्यासाठीच वापरला जातो. सेंद्रिय बटाटा कंदमूळच राहतो.

कर्जत-खालापूरच्या भातशेतीत हा गुंता अधिक स्पष्ट दिसतो. येथील जुन्या रीतीत रोपवाटिकेची जागा शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून भाजली जाते. यालाच राब म्हणतात. रसायनाचा थेंबही न वापरलेल्या भातामागे असा अग्नी असू शकतो, आणि त्यात जमिनीतील असंख्य जीव होरपळतात. याउलट नेरळजवळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या 'एसआरटी' भातपद्धतीत राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही नाहीत. कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकले जाते, मागील पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात आणि गांडुळे वाढतात. मात्र या पद्धतीत तणनाशक वापरले जाते, म्हणून तो भात सेंद्रिय ठरत नाही. यांपैकी कोणत्या भातात हिंसा कमी, याचे उत्तर पिशवीवरील खूण देऊ शकत नाही.

खुणेला अर्थ नाही, असे नव्हे. 'इंडिया ऑरगॅनिक' किंवा २०१७ पासूनची 'जैविक भारत' ही खूण असल्यास शेताची तपासणी झालेली असते. हंगामी पिकांसाठी सामान्यतः २ वर्षांचा आणि फळझाडांसाठी ३ वर्षांचा पालटकाळ पाळावा लागतो. दूरच्या शेतातला माल घेताना एवढाच आधार असतो. परंतु थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्यावर या प्रमाणपत्राची सक्ती नाही, आणि कर्जत-खालापूरच्या कुटुंबाला शेत दूर नाही. तेथे चार प्रश्न पुरेसे आहेत : खत कोणते घातले? कीड पडली तेव्हा काय फवारले? तण कसे काढले? राब भाजला का? सरळ उत्तर देणाऱ्या शेतकऱ्याला दोन पैसे अधिक देणे हा सत्कारणी खर्च होय.

म्हणून जादा पैसा सर्वत्र विखरू नये. घरात रोज शिजणारा तांदूळ, तसेच भात कापल्यावर जमिनीतील ओलाव्यावर येणारा वाल असे जवळचे आणि नित्याचे पदार्थ आधी निवडावेत. पावसाळ्यात ठाकर व कातकरी भगिनी रानातून कर्टुली आणतात. त्यांवर कोणी फवारणी केलेली नसते आणि चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्यांनाही ती चालतात. याउलट सेंद्रिय बिस्किटे आणि फरसाण यांवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

एक सावधगिरी मात्र हवीच. धुरी न दिलेल्या धान्यात सोंडे व पोरकिडे लवकर होतात, आणि कोकणातील दमट हवेत तर फारच लवकर. वर्षाचे सेंद्रिय धान्य एकदम भरून ठेवणारे घर अजाणतेपणी मोठ्या हिंसेची तयारी करते. दोन महिन्यांपुरतेच आणावे, आणताच कडक उन्हात वाळवावे, डाळींना एरंडेल चोळावे, डबे घट्ट लावावेत. जीव पडण्यापूर्वी वाळवणे ही जयणा. जीव पडल्यावर तेच धान्य उन्हात टाकणे ही हिंसा.

उरतो प्रश्न पैशाचा. भूकेपेक्षा चार घास कमी खाणे, हे ऊनोदरी नावाचे तप धर्माने सांगितलेच आहे. ताटात उष्टे न टाकणाऱ्या घरात महिन्याकाठी जे धान्य वाचते, त्याच्या किमतीतून शेजारच्या गावातील विष न फवारणाऱ्या शेतकऱ्याचा वाढीव भाव सहज भागू शकतो. ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांनी साधेच धान्य घ्यावे, पण त्याचा एक कणही वाया जाऊ देऊ नये.