पाच लाखांपर्यंतच शहाणे

आमच्या तालुक्याच्या गावी पालिकेने तळ्याच्या सुशोभीकरणासाठी नागरिकांची बैठक बोलावली होती. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. ज्याला नोकरी आहे, दुकान आहे किंवा रोजावर जायचं आहे, तो येणार नाही याची तजवीज तिथेच झाली होती. तरी तीसेक माणसं जमली. पडद्यावर चित्रं सुरू झाली. तळ्याभोवती फरसबंदी, रंगीत कारंजी, आणि हातात कॉफीचे कप घेऊन फिरणारी गोरी माणसं. आमच्या गावात कॉफी मिळते ती एका उडप्याकडे, स्टीलच्या पेल्यात.

तळ्याच्या काठावर रोज भाजी विकणाऱ्या एक मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ह्यात आमी कुटं बसायचं?" सल्लागार कंपनीच्या पोराने लेझरचा लाल ठिपका चित्रावरून फिरवला. ठिपका दोनदा तळ्याला प्रदक्षिणा घालून आला, थांबला कुठेच नाही. मग तो म्हणाला, "तुमची सूचना नोंदवून घेतो, मावशी."

हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, चहा-बिस्किटं झाली. दीड वर्षाने तळ्यावर फलक लागला, त्यावर लिहिलं होतं 'लोकसहभागातून साकारलेला प्रकल्प'. त्या लोकसहभागात माझी सही आहे. मावशींचा अंगठाही आहे. मावशी मात्र आता एसटी स्टँडसमोर, गटारीच्या कडेला बसतात.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: शहर सुधारायला आलेला पैसा कशावर खर्च करायचा, हे ठरल्यानंतर लोकांना विचारणं म्हणजे सहभाग नव्हे. ती पोच घेणं आहे. कुरियरवाला दारात येऊन सही घेतो, तशी. पाकिटात काय आहे ते दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे फक्त लहान गावात चालतं असं समजू नका. जून २०१५मध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झालं. १०० शहरं निवडायची आणि प्रत्येकाला केंद्राकडून पाच वर्षांत सरासरी ५०० कोटी द्यायचे, असा तो बेत होता. शहरांमध्ये स्पर्धा होती आणि प्रस्तावाला गुण देताना नागरिकांशी केलेली सल्लामसलतही मोजली जाणार होती. त्यामुळे त्या वर्षी आपल्या मताला अचानक भाव आला. पुण्यात घरोघरी फॉर्म गेले, ऑनलाइन मतं मागवली गेली. जानेवारी २०१६मध्ये पहिल्या यादीत पुणे देशात दुसरं आलं. भाग विकासासाठी निवडला गेला औंध-बाणेर-बालेवाडी, म्हणजे शहरातल्या तुलनेने सुस्थितीतल्या वस्त्यांचा पट्टा. आणि पैसा खर्च करायला स्थापन झाली एक कंपनी, कंपनी कायद्याखाली, स्वतःच्या संचालक मंडळासह. मार्च २०२५मध्ये अभियान संपलं.

यातलं लबाड वळण बघा. मत मागितलं ते स्पर्धेत गुण मिळवण्यासाठी. गुण मिळाले, निधी आला, आणि मग निर्णय पालिकेच्या सभागृहातून कंपनीच्या बोर्डरूममध्ये गेला. सभागृहात निदान तुमचा नगरसेवक आरडाओरडा करू शकतो. बोर्डरूमच्या बाहेर तुम्ही फक्त सिक्युरिटीवाल्याशी वाद घालू शकता.

याच पुण्याने एक बरी गोष्टही केली आहे आणि ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. २००६पासून पुणे महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायला फॉर्म मागवते. देशात हा प्रयोग लवकर करणाऱ्यांमध्ये पुणे आहे. पदपथ, बसथांबा, दिवे, स्वच्छतागृह असं काहीही सुचवा. अट एकच. एका कामाचा खर्च पाच लाखांच्या आत हवा.

म्हणजे पाच लाखांपर्यंत तुम्ही शहाणे आणि पाच कोटींना अडाणी. बाकडं कुठे ठेवायचं ते तुम्ही सांगा, नदीकाठाचं काय करायचं ते सल्लागार सांगतील. रस्ता कुठून काढायचा, कोणाची घरं हलवायची, बाजार कुठे न्यायचा, या प्रश्नांना पाच लाखांची पावती पुरत नाही. आणि आयुष्य उलटंपालटं होतं ते नेमकं याच प्रश्नांनी.

आता खेड्याकडे बघा. खेड्यात राहणाऱ्या प्रत्येक मतदाराला कायद्याने ग्रामसभेत बसायचा हक्क आहे. सगळ्या ग्रामसभा नीट भरतात असं कोणी म्हणणार नाही. कागदावर कोरम पूर्ण करणारी गावं पुष्कळ आहेत. पण हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर न घेण्याचं बंधन स्वतःवर घातलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची रीत पाडली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्याच गावची.

तोच माणूस पोट भरायला पुण्याला, नाशिकला, कल्याणला आला की त्याचा हा हक्क गावच्या वेशीवर राहतो. शहरात त्याला मिळतो एक प्रभाग, त्यात चारचार नगरसेवक आणि कुठलं काम कुणाकडे न्यायचं याचा घोळ. २०२२च्या मार्चनंतर पुण्यात साडेतीन वर्षांहून जास्त काळ तेही नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. बरं, कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. शहरात मतदारांच्या 'क्षेत्र सभे'ची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात २००९मध्ये आली. तीही कशी? केंद्राच्या नागरी निधीच्या योजनेत लोकसहभागाचा कायदा करण्याची अट होती म्हणून. निधीसाठी कायदा झाला. तुमच्या भागाची क्षेत्र सभा शेवटची कधी भरली, ते आठवून बघा. मी वाट बघतो.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. पहिला, "लोकांना यातलं तांत्रिक काही कळत नाही." पुलाला सळई किती जाडीची लागते ते लोकांना कळत नसेल, कबूल. पण पूल हवा की दवाखाना, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पावसात पाणी कुठे तुंबतं, हे तिथे राहणाऱ्या बाईइतकं कुठल्याच नकाशाला कळत नाही.

दुसरा आक्षेप, "सभा घेतली की भांडणं होतात." होणारच. पैसा एक आणि गरजा दहा असल्या की भांडण होतं. प्रश्न एवढाच की ते उघड्यावर व्हावं की ठेकेदाराच्या गाडीत मिटावं.

तिसरा आक्षेप मला खरा वाटतो. ज्याला वेळ आहे, बोलता येतं, तोच सभा ताब्यात घेतो. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९मध्ये लोकांकडून अंदाजपत्रक ठरवायला सुरुवात केली, तेव्हा यावर उपाय योजला होता. पैसे वाटताना भागाची लोकसंख्या आणि तिथे काय कमी आहे, या दोन्हींना वजन दिलं. ज्या वस्तीत गटार नाही, तिचा हक्क जास्त. मोठ्याने बोलण्याला गुण नव्हते. पुढे सत्ता बदलली आणि तिथली ही पद्धत रोडावत गेली. त्यातूनही शिकायचं ते हेच, की सहभाग महापौराच्या मर्जीवर ठेवला तर तो मर्जीइतकाच टिकतो.

आणि आपण, मोबाइलवर वाचणारे? आपल्याला ॲपवरचा पोल म्हणजे लोकशाही वाटायला लागली आहे. 'अ' डिझाइन की 'ब' डिझाइन, अंगठा दाबा. 'दोन्ही नको, आधी नळाला पाणी द्या' हे बटण त्यात कधीच नसतं. ते नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण आपल्या नळाला बहुधा पाणी असतं.

मग मागायचं काय? तीनच गोष्टी. चित्र काढण्याआधी बोलवा, आणि संध्याकाळी किंवा रविवारी बोलवा. एकूण रक्कम किती आहे ते पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. आणि जी सूचना नाकाराल, ती का नाकारली ते नावानिशी लेखी द्या. 'नोंद घेतली' हे उत्तर नाही.

पुढच्या वेळी हजेरीचा कागद तुमच्यासमोर आला, तर सहीच्या शेजारी एक ओळ लिहा: 'मी हजर होतो, मला विचारलं नाही.' कागदाचा फोटो काढून ठेवा. मी तेव्हा हे केलं नव्हतं. आता मावशींकडून भाजी घेताना गटारीचा वास येतो, आणि फलकावरच्या लोकसहभागात माझी सही असते.