ढोलकपूरचा नवा गडी



हैदराबादच्या राजीव चिलका यांची ‘छोटा भीम’ ही चित्रमालिका २००८ साली टीव्हीवर आली. लाडू खाऊन बळ येणारा भीम, चुटकी, राजू, बोलणारे माकड जग्गू आपल्याला ठाऊक आहेतच. मधल्या सुट्टीत आम्ही त्यांच्या ढोलकपूर गावासाठी आपापली नवी पात्रे काढतो.

माझा गडी ‘महाबळी’. तो उडायचा, गुप्त व्हायचा, भीमालाही चीत करायचा. गोष्ट सांगायला उभा राहिलो, तर एका दमात संपली! शत्रू आला, महाबळीने लोळवला. पोरं म्हणाली, “पुढं काय?” पुढे काहीच नव्हते.

आमची तिसरी-चौथी एकत्र बसते. धाकट्या बहिणीने ‘गंगी’ काढली. गंगी जमिनीला कान लावून पाणी ओळखते, पण बोलताना अडखळते. बहीणही तशीच बोलते. तिला सगळे चिडवायचे, मीसुद्धा. ढोलकपूरच्या विहिरी आटल्या आणि गंगी राजा इंद्रवर्मापुढे बोलायला उभी राहिली, तेव्हा सारा वर्ग चिडीचूप झाला. त्या दिवसापासून मी बहिणीला चिडवत नाही.

म्हणून मला वाटते, पात्राला शक्ती एकच द्यावी आणि एक उणीवही द्यावी. भीमसुद्धा लाडू दिसला की स्वतःला आवरू शकत नाही, म्हणूनच तो आपला वाटतो.

पालकांनो, “वह्या खराब करता” म्हणून रागावू नका. घरातले पाठकोरे कागद आम्हाला द्या. आम्ही त्यावर माणसे काढू.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी